बॉयलरच्या काचेमागची ओढणी

आमच्या घरात कुणी प्रवासाला निघालं की माझी थोरली नणंद आपलं कपाट उघडते. माधुरीताईचं ठाम मत आहे की माझ्याकडे चारचौघांत घालण्यासारखं काही नाही, आणि बाहेरगावी मी एकटी जात नाही, घराची अब्रू बरोबर घेऊन जाते. म्हणून भिवंडीला निघताना माझ्या बॅगेत तिची जयपूरहून आणलेली लहरिया ओढणी आली. गुलाबी आणि पिवळे तिरपे पट्टे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "जपून वापर आणि आहे तशी परत आण," एवढं बोलून तिने चेन लावली.

"पण भिवंडीला बघण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. पण मी बघायला जात नव्हतेच. मी तक्रार मिटवायला जात होते.

माझं काम सांगितलं की लोक लगेच विषय बदलतात, म्हणून थोडक्यात सांगते. कारखान्यात, पंपहाउसमध्ये, जिथे चूक झाली तर माणूस भाजतो किंवा मरतो, तिथे यंत्र चालवणाऱ्यासमोर एक स्क्रीन असते. तिच्यावर काय दिसावं, कुठे दिसावं आणि कोणत्या रंगात दिसावं, हे मी ठरवते. सासूबाई शेजारी सांगतात की सून टीव्हीच्या कंपनीत आहे. मी आता दुरुस्त करत नाही.

या धंद्यात आमचा एक लाडका नियम आहे. सगळं ठीक असताना स्क्रीन राखाडी ठेवायची. रंग फक्त संकटासाठी राखून ठेवायचा, म्हणजे लाल दिसलं की माणूस खुर्चीतून उठतो. भिवंडीतल्या एका साइजिंगच्या कारखान्यातल्या बॉयलरवर आम्ही अशीच देखणी राखाडी स्क्रीन बसवली होती, आणि आठवड्याच्या आत मालकांचा फोन आला की तुमचा टीव्ही बिघडलाय.

कोनच्या नाक्यावर

पुण्याहून कल्याणला आले, तिथून शेअर रिक्षा मिळाली. मागे आम्ही तिघं, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना दोघं, आणि माझ्या मांडीवर कुणाच्या तरी मिठाईचा खोका. कोन गावाच्या नाक्यावर रिक्षा थांबली ती थांबलीच. समोर एक टेम्पो आडवा झाला होता. त्याच्या हौद्यात सुताने भरलेले बीम होते, माणसाच्या उंचीचे लोखंडी रीळच म्हणा. त्यातला एक घरंगळून कडेला अडकला होता आणि चौघंजण तो सरळ करण्याऐवजी तो कसा सरळ करावा यावर बोलत होते.

"आता बसा निवांत," ड्रायव्हर म्हणाला. "ये भिवंडी का गेट है, म्याडम. इथे आल्यावर सगळ्यांनाच थांबायला लागतं."

मी उतरून चहा घेतला. पुण्यात टपरीवर अनोळखी बाईला कुणी काही विचारत नाही. इथे चहा होईपर्यंत मी कुठली, कुणाकडे चालले, नवरा काय करतो आणि एकटीला का पाठवलं, एवढं सगळं विचारून झालं होतं. बॉयलर बघायला आले म्हटल्यावर चहावाल्याने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं आणि आलं जास्त घातलं.

गाव जवळ आलं तसा आवाज सुरू झाला. शेकडो बायका एकाच वेळी लाटणी पोळपाटावर आपटत आहेत, असा तो लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा आवाज. आधी कानाला ऐकू येतो, मग छातीत बसतो. माझ्या बॅगेत एक नवा कोरा बझर होता, पाणी कमी झालं की वाजणारा. पहिल्या गल्लीतच मला कळून चुकलं की इथे तो मुंगीच्या शिंकेएवढाही ऐकू येणार नाही. मी तो गुपचूप बॅगेच्या तळाशी सारला.

सलीमशेठची साइजिंग

लूमवर चढवण्याआधी सुताला खळ पाजावी लागते, नाहीतर ते तुटतं. खळीतून निघालेलं ओलं सूत वाफेने तापलेल्या मोठाल्या ढोलांवरून सुकत जातं. हे सगळं होतं ती साइजिंग. तिथे शिरलं की शिजलेल्या साबुदाण्याचा वास येतो आणि उपास नसताना भूक लागते. वाफ येते ती मागच्या खोलीतल्या बॉयलरमधून.

मालक सलीमशेठ तिथलेच, तीन पिढ्यांपासूनचे. बोलायला सुरुवात मराठीत, चिडले की हिंदीत आणि समजूत घालताना पुन्हा मराठीत. त्यांनी मला थेट स्क्रीनसमोर उभं केलं. स्क्रीनवर एक टॉवेल वाळत घातला होता. शेठनी तो उचलला.

"हे बघा. मी कलर टीव्ही सांगितला होता. हे काय दाखवता तुम्ही? सब ग्रे! अहो, माझ्या गावात रोज मैलोन् मैल ग्रे कापड, बिनरंगाचं, निघतं. ते बघायला मला टीव्ही कशाला पायजे?"

मी नियम समजावला. सगळं ठीक असलं की राखाडी, बिघडलं की रंग.

"म्हणजे माझा धंदा चांगला चालला की अंधार, आणि बॉयलर फुटायला आला की दिवाळी?"

इतक्या नेमक्या शब्दांत आमचा नियम मी कोणत्याच परिषदेत ऐकला नव्हता. मी मान हलवली. शेठ कपाळाला हात लावून हसले आणि म्हणाले की आता आला आहात तर जेवूनच बोलू. लॉजवर राहायची माझी कल्पना त्यांनी ऐकूनच घेतली नाही. जुलेखाभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माडीवरची खोली आधीच झाडून ठेवली होती.

टॉवेल कुणाचा, हे लगेच कळलं. बॉयलरसमोर लोखंडी स्टुलावर एक गृहस्थ बसले होते, साठीला टेकलेले, अंगात बनियन, मान किंचित पुढे. बाळारामकाका. जवळच्या शेलार गावचे. शेठच्या वडलांच्या वेळेपासून या बॉयलरवर तेच. त्यांनी शेठच्या हातातून टॉवेल घेतला आणि पुन्हा स्क्रीनवर टाकला.

"त्याच्याकडं बगला की आगीकडं ध्यान रहात न्हाय," एवढंच ते म्हणाले.

जेवताना शेठनी खरी गोष्ट सांगितली. बाळारामचे डोळे गेले आहेत. बॉयलरच्या पुढच्या कोपऱ्यात, अंगापासून जरा बाहेर, एक उभी काचेची नळी असते. आतलं पाणी कुठवर आहे ते तिच्यात दिसतं. पाण्याची रेघ खाली गेली आणि आग चालू राहिली, तर लोखंड तापून बॉयलर फुटतो. बाळारामला ती रेघ आता नीट दिसत नाही. "म्हणून तर स्क्रीन घेतली. ती एकदा नीट चालू झाली की बाळाराम गेटवर, राखणीला. खुर्ची देतो, पंखा देतो. पण तो ऐकेल तर ना!"

आता मी अडचणीत आले. मी ज्यासाठी आले होते ते यशस्वी झालं, तर तो माणूस आपल्या स्टुलावरून उठणार होता. आणि डोळे अधू असलेल्या माणसाला तिथे बसू द्या, असंही मी म्हणू शकत नव्हते. त्या खोलीत इतर माणसंही काम करतात. त्यात समोर ताटात बटाट्याची भाजी होती. पुण्याची म्हणजे शाकाहारीच, असं धरून भाभींनी माझ्यासाठी वेगळी केली होती, आणि बाकी सगळ्यांच्या ताटात खाडीच्या मासळीचं लालभडक कालवण. मी मासे खाते हे सांगायचा क्षण तेवढ्यात निघून गेला. नंतर सांगणं बरं दिसेना.

स्टुलावरून

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतला ड्रेस आणि माधुरीताईची ओढणी घालून मी बॉयलरच्या खोलीत गेले. उंबऱ्यातच बाळारामकाका ओरडले.

"ए बाय! ती ओढनी काड आधी! पंपाच्या पट्ट्यात गेली तर तुला घेऊन जाईल."

ते शंभर टक्के बरोबर होते. सुरक्षेवर भाषणं देणारी बाई फिरत्या पंपाशेजारी ओढणी लोंबवत आली होती. मी निमूट ती काढली आणि समोरच्या भिंतीच्या खिळ्याला अडकवली. मग काकांच्या शेजारी एक डबा उपडा घालून बसले. त्यांना काय दिसतं ते मला त्यांच्या जागेवरून बघायचं होतं.

माझे डोळे चांगले आहेत, तरी सांगते, ती रेघ मलाही शोधावी लागली. स्वच्छ काच, स्वच्छ पाणी. त्यात एक मोठी गोम होती. नळी पूर्ण भरलेली असेल तर तिच्यात रेघ दिसत नाही. आणि पूर्ण रिकामी असेल तरीही दिसत नाही. सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात भयंकर, दोन्ही वेळी ती अगदी एकसारखी दिसते. असं चित्र मी आखलं असतं तर ऑफिसातल्या साहेबांनी मला घरी पाठवलं असतं.

म्हणून काका सारखे उठत. नळीच्या खालची चावी उघडत, फस्सकन वाफ आणि पाणी बाहेर, चावी बंद, मग पाणी पुन्हा चढतं का ते कानाने आणि अंदाजाने बघत.

"हे शिफ्टला एकदोनदा करायचं असतं ना?" मी विचारलं. आवाजामुळे कानात ओरडावं लागत होतं.

"मना शंका आली का मी उठतो," ते म्हणाले. मग स्वतःहूनच पुढे बोलले. "शंका लय येते आता. शेठला वाटतं म्हातारा वाफ फुकट घालवतो. पन न बघता बसू कसा? आत पंधरा मानसा हायेत."

मला त्यांचं फार कौतुक वाटलं आणि फार वाईटही वाटलं. आपल्याला दिसत नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच ते दमत होते.

ते पुन्हा उठले, चावी उघडली, बंद केली, येऊन बसले. आणि मग एकदम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काचेत काय हालला?"

"कुठे?"

"आता. काय तरी फिरला आतमंदी."

मी त्यांच्या स्टुलावर बसून पाहिलं. नळीच्या नेमक्या मागे भिंतीवर माझी ओढणी लटकत होती. नळीच्या वरच्या भागात, जिथे नुसती वाफ होती, तिथे तिचे पट्टे होते तसेच दिसत होते, उजवीकडे झुकलेले. खालच्या भागात, जिथे पाणी होतं, तिथे तेच पट्टे डावीकडे झुकलेले. जिथे पाणी संपत होतं तिथे पट्टे मोडत होते, बाणाच्या टोकासारखे.

मी किंचाळले. लूमच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही, हे बरं झालं. गोल नळीत पाणी भरलं की ती भिंग होते आणि मागचं चित्र उलटं करते. हे मी शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"काका, चावी उघडा!"

त्यांनी उघडली. पाणी गेलं आणि नळीतले सगळे पट्टे एका झटक्यात उजवीकडे कलले. बंद केली. पाणी चढू लागलं तसे खालून एकेक पट्टे डावीकडे पडत गेले. काका नळीकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी मला डब्यावर परत बसवलं, स्वतः स्टुलावर बसले आणि लहान मुलाला खेळणं मिळावं तसं चावी उघड-बंद करत राहिले. रेघ त्यांना दिसत नव्हतीच. पण पट्टे कोणत्या बाजूला पडलेत ते त्यांना लख्ख कळत होतं.

शेठची परीक्षा

सलीमशेठ सहजासहजी मानणारे नव्हते. त्यांनी ओढणी एका पत्र्यावर ताणून नळीमागे वीतभर अंतरावर बसवायला लावली. बाळारामकाकांना पार दाराशी उभं केलं, तोंड बाहेर. मग स्वतः चावीशी गेले, खुडबुड केली आणि हाताने खूण केली. इथली माणसं लूमच्या आवाजात हातांनी बोलतात, आणि तोंडाने बोलण्यापेक्षा जास्त बोलतात.

काका वळले. त्यांनी तळहात पोटाशी आडवा धरला. अर्धी.

बरोबर. पुन्हा तोंड बाहेर, पुन्हा खूण. काकांनी मूठ उघडून झटकली. रिकामी. बरोबर. मग शेठनी एक बदमाशी केली. खुडबुड केल्याचं नाटक केलं, पण चावीला हातच लावला नाही. काका वळले, बघितलं, आणि त्यांनी हातांनी जे केलं त्याचं भाषांतर मी करणार नाही. तोपर्यंत सूत सोडून सगळे कामगार दाराशी जमले होते आणि सगळे हसत होते. शेठही.

"ठीक आहे," शेठ जवळ येऊन म्हणाले. "गेटवर दुसरा माणूस बघतो. लेकिन एक बात. डोळे दाखवायचे. ऑपरेशन सांगितलं तर करायचं. सुट्टीत पगार चालू. न्हाय म्हटलास तर मी स्वतः तुला उचलून गेटवर ठेवीन."

काका स्टुलाकडे गेले. त्यांनी टॉवेल घेतला, चेहरा पुसला आणि तो स्क्रीनवर टाकण्याऐवजी खांद्यावर ठेवला.

आता स्क्रीनही ठरली. काच आणि स्क्रीन यांनी वेगवेगळं सांगितलं, तर काचेवर विश्वास ठेवून आधी आग काढायची, असं मी स्टुलासमोर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं. बझरच्या जागी थेट डोळ्यांवर येईल असा लाल दिवा. आणि शेठसाठी तडजोड म्हणून स्क्रीनच्या माथ्यावर त्यांच्या साइजिंगचं नाव हिरव्या रंगात. त्यावर ते इतके खूश झाले की बाकीच्या राखाडीबद्दल पुन्हा शब्द काढला नाही.

राहिली ओढणी. कापडाच्या गावात तिरप्या पट्ट्यांचं कापड मिळणं अवघड जाणार नाही, असं मला वाटलं होतं. शेठनी आजूबाजूच्या कारखान्यांत माणूस पिटाळला. सगळीकडे पांढरंच चाललं होतं. एका ठिकाणी उभे पट्टे होते, पण उभे पट्टे उलटले तरी उभेच राहतात. दुसऱ्या दिवशी मी निघणार होते.

"ही सोडून जा ना," काका म्हणाले. "जुनीच हाय ना? फडक्यासारखी वाटते."

माझ्या डोळ्यांसमोर माधुरीताई कपाटासह उभी राहिली. पण समोर काका होते, आणि त्यांच्या मागे ते पंधराजण.

"हो, जुनीच आहे," मी म्हणाले आणि कात्री मागवली. एका काचेला अर्धी पुरत होती. बॉयलरला दुसऱ्या बाजूलाही तशीच एक काच असते, तिच्यामागच्या पत्र्यावर रंगाने पट्टे ओढायचं ठरलं. उरलेली अर्धी मी घडी घालून बॅगेत ठेवली. आहे तशी नाही, तर निदान आहे तेवढी तरी परत न्यावी.

शेलार

निघायच्या दिवशी काकांनी जेवायला घरी नेलं. काकू अंगणात तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. मी आत शिरताच काका त्यांना म्हणाले, "पुन्याची हाय ती. बटाटा कर."

"नको!" मी ओरडले. तीन दिवस साठवलेलं सगळं त्या एका शब्दात बाहेर आलं. "काका, मी मासे खाते. सगळे खाते."

काकू हसता हसता भाकरी विसरल्या. मग त्यांनी मला वाढलेलं कालवण आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं. जुलेखाभाभींना हे कळलं तेव्हा त्या फोनवर माझ्याशी भांडल्या, आणि आमच्या ताटातली मासळी न मागता उठलीसच कशी, असं दोनदा विचारलं.

घरी

पुण्यात आल्यावर साहेबांना ओढणीची गोष्ट सांगितली. त्यांनी एक जुनं जाड पुस्तक काढून दाखवलं. बॉयलरच्या काचेमागे तिरपे पट्टे लावायची युक्ती जगात फार जुनी निघाली. बाळारामकाकांनी आणि मी तिचा पुन्हा शोध लावला होता. मला मुळीच वाईट वाटलं नाही. ते पुस्तक भिवंडीला पोचलं नव्हतं, ओढणी पोचली होती.

माधुरीताईला मी खरं ते सांगितलं. तिने अर्धी ओढणी दोन बोटांत धरून पाहिली, कपाटात ठेवली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. वाढताना मला उद्देशून जे सांगायचं ते ती भिंतीला सांगे. हे बरेच दिवस चाललं.

एका रविवारी दुपारी फोन वाजला. बॉयलरवर आयुष्य गेलेला माणूस फोनवरही ओरडूनच बोलतो. रिसीव्हर मी कानापासून हातभर लांब धरला, तरी अख्खं स्वयंपाकघर ऐकत होतं.

"बाय! दोनी डोल्यांचा ऑपरेशन झाला! कालपासून ड्युटीवर आलो. सगला दिसतं! पान्याची रेघ पन दिसते!"

"मग आता ओढणी नको तुम्हाला!"

 मग काकांचा आवाज आला, आता जरा खाली उतरलेला.

"ती गुलाबी हाय. आनि पिवली. मना वाटलेला काला-पांढरा फडका हाय. काल बगितली, तर नवीन कोरी! माझ्या सुनेची असती तर तिनं मना बोट लावू दिला नसता. तू जुनी हाय म्हनून कापून दिलीस?"

  तेवढ्यात माझ्या हातातून रिसीव्हर कुणीतरी काढून घेतला.

"काका, मी तिची नणंद," माधुरीताई म्हणाली. "ती ओढणी माझी. आणि ती जयपूरची आहे." मग तिने विचारलं, "ती दुसरी काच आहे ना तुमच्याकडे, रंगाचे पट्टे ओढलेली? ती कशी आहे?"

"रंगाचे उष्नतेनं पोपडे उडाले, ताई. काय दिसत न्हाय तिच्यात."

माधुरीताई रिसीव्हरवर हात दाबून माझ्याकडे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती भिंतीशी न बोलता माझ्याशी बोलली.

"भिवंडीला पुन्हा कधी जाणार आहेस?" ती म्हणाली. "उरलेली अर्धी कपाटात आहे. या वेळी मीही येते. आणि त्यांना सांग, बटाटा करू नका."